भुलाबाईच्या दिवसांत

वैजूने डबा कानाशी नेऊन हलवला. आत काहीतरी खुळखुळलं. भुलाबाईसमोर गोल करून बसलेल्या मुली "सांग, सांग" करू लागल्या. वैजूने तोंड उघडलं, पण शब्दाऐवजी नुसती हवा बाहेर आली. मुली खो खो हसल्या. वैजूही हसली. मग तिने जोर लावला आणि कशीबशी म्हणाली, "चिवडा."

"हरली गं हरली. फुटाणे आहेत," म्हणत तिच्या आईने, प्रमिलाने, झाकण काढलं.

एकाच ताटलीतून गूळफुटाणे सगळ्यांच्या हातांत गेले. पाण्याचा एकच तांब्या फिरला, आणि लहान मुली त्याला तोंड लावूनच प्यायल्या. माझी जुई वैजूला खेटून बसली होती. दोघी एकमेकींच्या मुठीतले फुटाणे मोजून खात होत्या.

मी दाराशी उभी होते. दिव्याच्या उजेडात वैजूची मान मला जाड वाटली. जबड्याखाली कोणीतरी कापूस भरल्यासारखी.

"प्रमिला, वैजूचा आवाज कशाने बसला?"

"काही नाही वं. थंडी पडून राहिली ना आता. धरणाचा वारा तर पाह्य कसा लागते."

वारा खरंच बोचरा होता. मी जुईला हाक मारली, तिच्या कानांभोवती माझा पदर गुंडाळला आणि घरी आले. पण भाकरी थापताना ती मानच माझ्या डोळ्यांपुढे येत राहिली.

ही गोष्ट चौऱ्याऐंशी सालची. अमरावतीच्या उत्तरेला, डोंगराच्या पायथ्याशी एका धरणाचं काम नुकतंच संपलं होतं आणि कालव्यांचं चालू होतं. माझे यजमान दिगंबर कालव्यावर ओव्हरसियर होते. आम्ही धरणावरच्या वसाहतीत राहत होतो. एकाला एक चिकटलेली पत्र्याची घरं, मधे पाण्याचा नळ, पलीकडे अथांग पाणी. मी नाशिकची. तिकडे आम्ही हादगा घालायचो. भुलाबाई मला प्रमिलानेच दाखवली. गणपती गेले की भाद्रपदाच्या पौर्णिमेला मातीचे भुलोबा-भुलाबाई मांडायचे, आणि कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी मुलींनी घरोघर जाऊन गाणी म्हणायची. प्रत्येक घरी झाकलेला खाऊ. तो ओळखायचा, मग सगळ्यांनी वाटून खायचा. महिनाभर वसाहतीतल्या पंधरा-वीस मुली या दारातून त्या दारात अशा वाहत असायच्या.

प्रमिला गावंडे माझी शेजारीण. आमच्यात एक भिंत होती आणि तिच्यातूनही आम्ही बोलायचो. तिचा नवरा धरणाच्या दरवाज्यांवर कामाला होता. वैजू सहा वर्षांची आणि कडेवर गुणू, दहा महिन्यांचा. मी त्या वसाहतीत नवी आले तेव्हा पहिल्या रात्री पिठलं-भाकरी तिच्याकडून आली होती. तिथून पुढे माझ्या घरात काय शिजलं ते तिला माहीत आणि तिच्या घरात काय शिजलं ते मला.

सकाळी मी विरजणाचं निमित्त करून तिच्याकडे गेले. वैजू अंगणात उन्हाला बाजेवर पडून होती, गळ्याभोवती मफलर. तोंड उघडं. श्वास घेताना घशात बारीक घरघर होत होती.

"ताप आहे?"

"फार नाही, कणकण आहे. हळदीचं दूध दिलं. गिळत नाही."

"वैजू, आ कर बरं."

तिने उन्हाकडे तोंड करून आ केला. तिच्या तोंडाला एक कुबट, गोडूस वास येत होता. घशात मागे, दोन्ही बाजूंना, करड्या पांढऱ्या रंगाचं काहीतरी चिकटलं होतं. दुधाची साय नव्हे. जुन्या भिंतीवरचा चुना ओला झाला की दिसतो तसं. मी पटकन मागे झाले.

"प्रमिला, हिला डॉक्टरकडे ने. आत्ता."

"टॉन्सिल आहेत."

"टॉन्सिल असे नसतात. चल, मी येते बरोबर. खालच्या गावात दवाखाना उघडला असेल."

तिने गुणूला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "तो सुई देईन."

"देऊ दे की."

"नाही."

ती माझा हात धरून मला घरात घेऊन गेली आणि दार लोटलं. मला वाटलं रागावली. पण ती भिंतीला टेकून खाली बसली.

"वैजूच्या आधी मले एक पोरगा होता," ती म्हणाली. "मनोहर. वर्षाचाही नव्हता. गावात सुया द्यायला आले होते, मी हौसेनं घेऊन गेली. रात्री ताप भरला. चौथ्या दिवशी गेला. डॉक्टर म्हणे सुईनं नाही, त्याले मेंदूचा ताप होता. असेलही. पण मी धरला होता ना त्याले मांडीवर. मीच धरला होता."

मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले.

"वैजूले मी एकही सुई देऊ दिली नाही. या गुणूलेही नाही. नर्सबाई येते तेव्हा मी शेतात जाते असं सांगून पोरं घेऊन निघून जाते. यांनाही माहीत नाही. तूही कोणाला सांगू नको. सांगशील?"

"नाही सांगणार," मी म्हणाले.

घरी आले. भाजी चिरायला घेतली आणि तशीच ठेवली. कपडे भिजवले, ते पिळलेच नाहीत. भिंतीपलीकडून ती घरघर ऐकू येते का म्हणून कान लावून उभी राहिले, मग वाटलं, ऐकू येते. मग वाटलं, पंपाचा आवाज असेल. जुई शाळेतून आली आणि दप्तर टाकून म्हणाली, "आई, मी वैजूकडे जाते."

"नाही जायचं."

"का?"

"सांगितलं ना."

"मग संध्याकाळी? आज भुलाबाई पाटीलकाकूंकडे आहे. उद्या आपल्याकडे."

मी तिला जवळ ओढलं आणि तिचा घसा उन्हात पाहिला. लालसर, स्वच्छ, ओला. मला सुटल्यासारखं झालं आणि लगेच लाजही वाटली. संध्याकाळी प्रमिला वैजूला पाठवणार नाही, हे खरं. पण काल तांब्या सगळ्यांत फिरला होता. परवाही, तेरवाही. पाटलांची धाकटी तर तीनच वर्षांची.

मी जुईला शेजारच्या माळीणबाईंकडे बसवलं आणि खालच्या गावाला निघाले. बस नव्हती. कालव्याच्या कडेने जवळजवळ पळतच गेले. प्रमिलाला मी शब्द दिला होता, तो माझ्याबरोबर चालत होता. वाटलं, फक्त विचारायचं. नाव सांगायचं नाही.

आरोग्य केंद्रात डॉक्टर निंभोरकर होते. तरुण, नुकतंच लग्न झालेले, कायम घाईत. जेवायला उठतच होते.

"बोला वहिनी. कोणाला बरं नाही?"

"माझ्या घरी नाही. शेजारी एक मुलगी आहे. तिचा आवाज बसलाय. मान सुजली आहे. घशात पांढरट साय धरली आहे."

ते परत खुर्चीत बसले. "पांढरट की करडी?"

"करडी."

"ताप जोराचा?"

"नाही, थोडाच. पण तोंडाला वास येतो. आणि श्वासाला घरघर आहे."

"तुम्ही त्या सायीला हात लावला नाहीत ना?"

"नाही."

"मुलीला त्रिगुणी लस दिली आहे? लहानपणी मांडीत सुया देतात ती."

त्यांनी वाट पाहिली. बाहेर कंपाउंडरने सायकल काढली, तिचा स्टँड पडल्याचा आवाज झाला.

"वहिनी, हा प्रश्न मी उगीच विचारत नाही. मला वाटतंय तो आजार असेल तर तो घटसर्प आहे. त्याचं औषध इथे नाही, अमरावतीला आहे, आणि ते किती लवकर मिळतं यावर सगळं असतं. लस दिलेली आहे का?"

"नाही," मी म्हणाले. "एकही नाही. तिच्या लहान भावालाही नाही." आणि मग मनोहरचंही सांगितलं. सगळं सांगून टाकलं.

ते उठून फोनकडे गेले. वसाहतीच्या ऑफिसातून खात्याची जीप मागवली. "तुम्ही मागून या," ते मला म्हणाले. "तुम्ही सांगितलंत हे मी बोलणार नाही. फिरतीवर आलो असं म्हणतो."

"ती दार उघडणार नाही," मी म्हणाले. "मीच येते."

जीप धुरळा उडवत वसाहतीत शिरली तशा बायका दारांत आल्या. प्रमिलाने अंगणातून आम्हाला पाहिलं. डॉक्टरांना पाहिलं, मला पाहिलं. वैजूला उचललं, आत गेली आणि कडी लावली.

मी दारावर हात ठेवला. "प्रमिला, दार उघड."

आतून काही नाही.

"प्रमिला, मी आहे."

"तू सांगितलंस."

"हो."

"मनोहरचंही?"

"हो."

आतून फक्त वैजूचा श्वास येत होता. सकाळची घरघर आता राहिली नव्हती, लाकूड कापताना करवत अडकावी तसा तो आवाज होता. अडकायचा, थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. डॉक्टर माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "फार वेळ नाही."

"प्रमिला," मी म्हणाले, "तिचा श्वास ऐक. मी काही म्हणत नाही. तू फक्त ऐक."

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. एकदा तो आवाज अडकला आणि नेहमीपेक्षा जास्त थांबला. कडी निघाली.

डॉक्टरांनी दारातच वैजूचं तोंड उघडून बॅटरी मारली आणि पुढचं काही न बोलता तिला उचलून जीपमध्ये नेलं. प्रमिला गुणूला छातीशी धरून मागच्या बाकावर बसली. चप्पलही घातली नव्हती. मी माझ्या पायातल्या काढून तिच्यापुढे ठेवल्या. तिने त्या पायाने बाहेर ढकलल्या.

"माझ्या दारात पुन्हा येऊ नको, शैला," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता.

दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्राची माणसं आली. वसाहतीतल्या सगळ्या मुलींचे आणि घरच्यांचे घसे कापसाच्या बोळ्याने पुसून नळ्यांत भरले, ते नागपूरला तपासायला जाणार होते. सगळ्यांना गोळ्या दिल्या. मुलांना सुया. भुलाबाई बंद, एकमेकांकडे जाणं बंद, कोजागिरीचं दूध बंद. मुली आपापल्या दारांत बसून एकमेकींना खुणा करायच्या. जुईला माझा राग आला होता. "वैजू कधी येणार" असं ती दिवसातून दहादा विचारायची.

नळावर मात्र सगळ्यांना कंठ फुटला होता.

"सुई दिली नाही म्हणे पोरीले. आणि खिरापती वाटत होती घरोघर."

"आपल्या लेकरांच्या जिवावर उठली असती."

"गावंड्यांना म्हणावं, पाणी दुसरीकडून भरा."

मी म्हणाले, "तिला काय माहीत होतं, कुठून आलं ते?" त्या माझ्याकडे पाहत राहिल्या, मग एकीने विषय बदलला. माझं कौतुकही व्हायचं. मी वेळेवर सांगितलं, मी होते म्हणून. ते मला त्या बोलण्याहून जास्त टोचायचं. गावंडे एकटेच घरी होते. दूधवाला त्यांच्या फाटकाबाहेर दगडावर दूध ठेवून निघून जायचा. दिगंबर रोज संध्याकाळी त्यांना आमच्याकडचा डबा देऊन यायचे. ते डबा घ्यायचे, पण माझ्याकडे मान वर करून बघायचे नाहीत.

अमरावतीची खबर ऑफिसच्या फोनवर यायची. औषध मिळालं. मग कळलं, श्वास कोंडला म्हणून गळ्याला छेद देऊन नळी घातली. मग दोन दिवस काहीच नाही. लाइन बिघडली होती. मी घरातल्या घरात फिरायचे. ओट्यापासून दारापर्यंत, दारापासून भिंतीपर्यंत. त्या भिंतीपलीकडे आता कोणी खोकतसुद्धा नव्हतं. मी सांगितलं नसतं तर, आणि मी आदल्या रात्रीच सांगितलं असतं तर, या दोन वाक्यांमध्ये माझे दिवस गेले. मग लाइन सुरू झाली आणि कळलं, वैजू डोळे उघडून बघते आहे.

त्यानंतर एका सकाळी डॉक्टर निंभोरकर आमच्या दारात आले. जीप लांब उभी केली होती. आत येऊन बसले, दिगंबरना म्हणाले, "तुम्हीही बसा."

"वैजू?" मी विचारलं.

"ती सुधारते आहे. मी तपासणीचं सांगायला आलोय. वसाहतीत एकाच घशात तो जंतू सापडला." त्यांनी जुईकडे पाहिलं. ती कोपऱ्यात चिंध्यांची भुलाबाई करून खेळत होती. "तुमच्या मुलीच्या."

"तिला काहीच झालेलं नाही," दिगंबर म्हणाले.

"होणारही नाही. तिला सगळ्या सुया दिलेल्या आहेत. अशी मुलं स्वतः ठणठणीत राहतात, पण जंतू घशात घेऊन फिरतात. मध्यंतरी तिचा घसा धरला होता का? तुम्ही कुठे गेला होता?"

"गणपतीला नाशिकला गेलो होतो," मी म्हणाले. "तिथे भावाच्या मुलांना सगळ्यांना घसा झाला होता. हिलाही. दोन दिवसांत बरी झाली." आणि त्या पौर्णिमेला भुलाबाई बसली. जुई आणि वैजू एकमेकींच्या मुठीतले फुटाणे खात होत्या.

"खात्रीने कोणीच सांगू शकणार नाही. पण बहुतेक तसंच. हिचा औषधाचा कोर्स पूर्ण करा, तोवर घरात ठेवा, मग पुन्हा तपासू. यात तुमचा काही दोष नाही." ते उठले. "आणि मी हे नाव वसाहतीत कोणाला सांगणार नाही."

ते गेल्यावर दिगंबर म्हणाले, "डॉक्टर सांगणार नाहीत म्हणाले ना. झालं तर मग. दोन आठवड्यांनी सगळे विसरतील."

"गावंड्यांच्या दगडावर दूध ठेवतात, ते विसरतील?"

"आपल्या पोरीलाही तसंच वागवतील, शैला. तिला शाळेत कोणी शेजारी बसू देणार नाही. तिने काय केलंय?"

"वैजूने काय केलं होतं?"

मी उठून लुगडं बदललं. "जुईला गोळी द्या वेळेवर. मी अमरावतीला जाऊन येते. वसाहतीला काय सांगायचं ते आल्यावर बघू. आधी प्रमिलाला माझ्याकडून कळायला हवं."

दवाखान्यात मला वॉर्डाच्या आत सोडलं नाही. जाळीच्या खिडकीतून वैजू दिसली. गळ्याला पांढरी पट्टी, त्यात नळी, हातात कोणीतरी दिलेला मोसंबीचा तुकडा. तिने मला ओळखलं आणि तोंड हलवलं. आवाज आला नाही. तिचा आवाज पुढे परत आला, पण तो कायमचा खरखरीत राहिला. आता तिला स्वतःच्या मुली आहेत आणि फोनवर अजूनही "हॅलो" म्हटल्याबरोबर मी तिला ओळखते.

प्रमिला व्हरांड्यात जमिनीवर बसली होती, गुणू मांडीवर झोपलेला. तिचे डोळे खोल गेले होते. मला पाहून तिने तोंड फिरवलं. मी तिच्यापासून थोड्या अंतरावर, जमिनीवरच बसले.

"मी जाते लगेच. एकच सांगायचं आहे."

तिने गुणूच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं.

"तपासणी आली. तो आजार तुझ्या घरातून नव्हता गेला. आमच्या घरातून आला. जुईच्या घशात सापडला. नाशिकहून आणला असेल. तिच्याकडून वैजूला झाला."

व्हरांड्यातून एक स्ट्रेचर गेलं. त्याची चाकं कुरकुरत लांब जाईपर्यंत ती तशीच बसून होती.

"जुई कशी आहे?"

"तिला काही नाही."

"काहीच नाही?"

"नाही."

"तिले सुया दिल्या आहेत."

"हो."

"सगळ्या?"

"सगळ्या."

तिने मान हलवली. हिशेब जुळावा तशी नव्हे. दुखतं तिथे हात लागल्यावर माणूस हलतं तशी. मला वाटलं, आता ती मला जा म्हणेल. ती म्हणाली असती तर मी गेले असते. तिच्या मुलीच्या गळ्याला भोक पडलं होतं आणि माझी मुलगी घरात चिंध्यांची बाहुली खेळत होती.

"जुई आणि वैजू एकाच तांब्यानं पाणी प्यायच्या," ती हळूच म्हणाली. "मीच देत होती भरून."

"मीही दिलंय."

गुणू झोपेत खोकला. साधाच, लहान बाळाचा खोकला. पण आम्ही दोघी एकदम त्याच्यावर वाकलो. ती त्याच्या नाकाशी कान नेऊन ऐकत राहिली. मग सरळ झाली आणि व्हरांड्याच्या टोकाकडे पाहू लागली. तिथे एका खोलीबाहेर लहान मुलं घेऊन बायका रांगेत उभ्या होत्या. आतून मधूनच एखादं मूल रडायचं.

"दोन दिवस झाले, मी पाहून राहिली," ती म्हणाली. "उठते अन् बसते. पाय नाही जात."

तिने गुणूला उचललं, एकदा घट्ट धरलं आणि माझ्यापुढे केलं.

"तू धर याले मांडीवर," ती म्हणाली. "माझ्यानं धरवणार नाही."

मी त्याला घेतलं. तो जाड दुपट्यात गरम होता, जड होता. आम्ही रांगेत उभ्या राहिलो. प्रमिला माझ्या मागे होती, तिने माझ्या पदराचं टोक मुठीत धरलं होतं. रांग पुढे सरकली की ती मुठीसकट पुढे सरकायची. आमचा नंबर आला तेव्हा मी आत जाऊन स्टुलावर बसले आणि गुणूची मांडी मोकळी केली. नर्सने कापूस फिरवला. गुणू जागा झाला आणि माझ्या तोंडाकडे टकमक बघू लागला.

मी दाराकडे पाहिलं. मला वाटलं होतं, ती बाहेर भिंतीकडे तोंड करून उभी असेल. पण प्रमिला उंबऱ्यात आली होती. दोन्ही हातांनी चौकट धरून, डोळे न मिटता, ती सुईकडे बघत होती.